विश्लेषण : मेट्रोच्या तिकिटाएवढे घरभाडे! कैरोतील ‘जुने भाडे’ संपतेय, पण भाडेकरू जाणार कुठे?

कैरोच्या जुन्या वस्त्यांमध्ये सकाळी एक दृश्य हमखास दिसते. चौथ्या किंवा पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते. खाली उभा असलेला दुकानदाराचा पोऱ्या तिच्यात पाव, अंडी, कधी भाजी ठेवतो, पैसे काढून घेतो आणि टोपली पुन्हा वर जाते. वर दोरी ओढणारी बहुतेकदा एखादी वृद्ध बाई असते. इमारतीची लिफ्ट कित्येक वर्षांपासून बंद असते आणि गुडघे जिने चढू देत नाहीत.

ही लिफ्ट बंद का आहे आणि ती बाई अजून त्याच घरात कशी राहते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. या व्यवस्थेला कैरोत ‘इगार अदीम’ म्हणतात. म्हणजे जुने भाडे.

ऑगस्ट २०२५ मध्ये इजिप्तने ही व्यवस्था संपवणारा कायदा लागू केला. घरांसाठी सात वर्षे, दुकाने आणि इतर व्यावसायिक जागांसाठी पाच वर्षे. त्यानंतर जुने करार संपणार आणि जागा मालकाकडे परत जाणार. २०११ च्या क्रांतीत कैरोच्या तहरीर चौकात लोकांनी ‘भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय’ अशी घोषणा दिली होती. या तीनपैकी तिसऱ्या शब्दाचा अर्थ काय, यावर आता घराघरांत वाद सुरू आहे. मालकही न्याय मागतोय आणि भाडेकरूही.

जुने भाडे म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली तेव्हा, १९४१ मध्ये इजिप्तमध्ये घरभाडी गोठवण्यात आली. १९४७ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे गमाल अब्देल नासर यांच्या काळात सरकारने भाडी नुसती गोठवली नाहीत, तर अनेकदा कमी केली. १९७७ आणि १९८१ च्या कायद्यांनी हीच चौकट पुढे चालू ठेवली. भाडे वाढवता येणार नाही, करार संपवता येणार नाही आणि भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबाकडे घर जाणार, असा तो नियम होता.

१९९६ मध्ये सरकारने नव्या करारांसाठी बाजारभाव खुला केला. मात्र जुन्या करारांना हात लावला नाही. त्यामुळे कैरोत एक अजब चित्र तयार झाले. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरे. एकाचे भाडे महिन्याला काही हजार पौंड, तर दुसऱ्याचे वीस पौंड. (एक इजिप्शियन पौंड म्हणजे साधारण पावणेदोन रुपये.)

वीस पौंडांचा अर्थ कळायला एक हिशेब पुरेसा आहे. ऑगस्ट २०२४ च्या दरपत्रकानुसार कैरो मेट्रोचे सर्वांत स्वस्त तिकीट ८ पौंडांचे आणि सर्वांत महाग २० पौंडांचे. म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा जायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात काही कुटुंबे महिनाभर घरात राहत होती. काहींचे भाडे तर यापेक्षाही कमी होते.

२०१७ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १६ लाख कुटुंबे जुन्या भाड्याच्या घरांत राहत होती. यातील बहुतांश कैरो, गिझा, अलेक्झांड्रिया आणि कल्युबिया या चार प्रांतांतली.

न्यायालयाने काय म्हटले?

९ नोव्हेंबर २०२४ रोजी इजिप्तच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने १९८१ च्या कायद्यातील घरभाडे कायमचे गोठवणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. पैशाची किंमत घसरत राहणार आणि भाडे मात्र दशकानुदशके तेच राहणार, हा मालकाच्या हक्कावर घाला आहे, असा त्या निकालाचा आशय होता. संसदेने मालक आणि भाडेकरू यांच्यात समतोल साधणारा कायदा करावा, अशी अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. न्यायालयासमोरचा मुद्दा भाड्याच्या रकमेचा होता. भाडेकरूंना घराबाहेर काढा, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. संसदेने मात्र भाडे वाढवले आणि सोबत करारालाही शेवटची तारीख लावली. भाडेकरूंचा खरा आक्षेप या दुसऱ्या भागाला आहे. भाडे वाढणार हे त्यांच्यापैकी अनेकांनी केव्हाच मान्य केले होते.

नवा कायदा काय सांगतो?

२०२५ च्या १६४ क्रमांकाच्या कायद्यातील मुख्य तरतुदी अशा :

• घरांचे जुने करार सात वर्षांनी, म्हणजे २०३२ मध्ये संपतील. व्यक्तींच्या ताब्यातील व्यावसायिक जागांचे करार पाच वर्षांनी, २०३० मध्ये संपतील.

• शहरातील भागांचे तीन गट. उच्चभ्रू भागात भाडे सध्याच्या २० पट, पण किमान १,००० पौंड. मध्यम भागात १० पट, किमान ४०० पौंड. साध्या वस्तीत १० पट, किमान २५० पौंड.

• व्यावसायिक जागांचे भाडे पाच पट.

• दर वर्षी १५ टक्के वाढ.

• घर विनाकारण वर्षाहून अधिक काळ बंद असेल किंवा भाडेकरूकडे वापरण्याजोगे दुसरे घर असेल, तर मालक मुदतीआधीही जागा परत मागू शकतो.

• भाडेकरू सरकारी पर्यायी घरासाठी अर्ज करू शकतो. मूळ भाडेकरू आणि त्याच्या जोडीदाराला प्राधान्य.

आता आकडेमोड करून पाहू. समजा, उच्चभ्रू भागातल्या एका घराचे भाडे २० पौंड होते. वीस पट केले तर ४०० होतात, पण किमान मर्यादेमुळे ते थेट १,००० होणार. दर वर्षी १५ टक्के वाढ धरली तर सातव्या वर्षी ते सुमारे २,३१३ पौंडांवर पोहोचते. मूळ भाडे १०० पौंड असेल तर सुरुवात २,००० पासून आणि सातव्या वर्षी सुमारे ४,६२६ पौंड. २०२५ मध्ये इजिप्तमधले किमान मासिक वेतन ७,००० पौंड ठरवण्यात आले. नोकरी करणाऱ्याला हे भाडे जड, पण शक्य कोटीतले आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवेला ते नाही. आणि हे सगळे भरूनही आठव्या वर्षी घर सोडायचेच आहे.

मालकांचे म्हणणे चुकीचे नाही

या वादात मालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. जुन्या भाड्याचे मालक म्हणजे सगळेच गडगंज नव्हेत. आजोबांनी बांधलेली चार मजली इमारत, तिचे दहा वारस आणि महिन्याला हाती पडणारी रक्कम एवढी की तिच्यात जिन्यातला दिवा बदलणेही परवडू नये, अशी अनेकांची स्थिती आहे. मालकाची मुले स्वतः बाजारभावाने दुसरीकडे भाड्याने राहतात आणि त्यांच्याच इमारतीत एखादा सुस्थितीतला माणूस पन्नास पौंडांत राहतो, हेही तिथे घडते.

याचा फटका शहरालाही बसला. भाडे येत नाही म्हणून डागडुजी नाही. डागडुजी नाही म्हणून छताचे प्लास्टर पडते, पाण्याचे पाइप गळतात, लिफ्ट थांबते. जुन्या इमारती कोसळल्याच्या बातम्या कैरोला नव्या नाहीत. शिवाय कुलूप लावून ठेवलेली घरे वेगळीच. भाडेकरू उपनगरात किंवा आखातात गेलेला असतो, पण भाडे नगण्य असल्याने ताबा कुणी सोडत नाही. २०१७ च्या जनगणनेत देशभरात एक कोटीहून अधिक घरे रिकामी किंवा बंद आढळली होती. त्यातली सगळी जुन्या भाड्याची नव्हेत. तरीही घरांची एवढी टंचाई असलेल्या देशात हा आकडा डोळे उघडणारा आहे.

म्हणूनच बंद घरे आणि दुसरे घर असलेल्या भाडेकरूंविषयीची तरतूद या कायद्यातील सर्वांत न्याय्य तरतूद म्हणावी लागेल.

मग भाडेकरूंचा दावा कशावर?

पहिला मुद्दा ‘खुलू’चा. जुन्या काळी कैरोत घर भाड्याने घेताना मालकाला मोठी रक्कम रोख द्यावी लागे. तिची पावती अनेकदा नसे. भाडे कायमचे कमी राहणार हे दोघांनाही ठाऊक होते, म्हणून त्या कमी भाड्याची भरपाई आधीच घेतली जाई. भाडेकरू म्हणतात, आम्ही घराची किंमत तेव्हाच मोजली. मुंबईकरांना हे ऐकून ‘पागडी’ आठवेल आणि ते बरोबरच आहे.

दोन्ही शहरांचा या बाबतीतला इतिहास समांतर चालतो. मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवणारा कायदाही १९४७ चाच. १९९७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचे म्हटले होते. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दर वर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, पण जुन्या भाडेकरूचे संरक्षण कायम ठेवले. त्याचे परिणाम दक्षिण मुंबईतल्या टेकू लावलेल्या इमारतींत दिसतात. काहीच न बदलण्याची किंमत काय असते, हे मुंबई दाखवते. सगळे एका तारखेला बदलण्याची किंमत काय असेल, हे कैरोत कळणार आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. मार्च २०२४ मध्ये इजिप्तने चलनाचा दर बाजारावर सोडला आणि डॉलरचा भाव सुमारे ३१ पौंडांवरून ५० च्या आसपास गेला. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये महागाईचा दर ३८ टक्क्यांवर पोहोचला होता. जून २०२४ मध्ये सरकारने अनुदानित ‘बलदी’ पावाची किंमत ५ पियास्त्रेंवरून २० पियास्त्रे केली. तीन दशकांहून अधिक काळानंतरची ही पहिलीच वाढ. इजिप्तमध्ये पावाला ‘ऐश’ म्हणतात आणि या शब्दाचा दुसरा अर्थ ‘जगणे’. १९७७ मध्ये अन्नधान्यावरील अनुदान कापल्यावर देशभर दंगली उसळल्या होत्या आणि अन्वर सादात यांना निर्णय मागे घ्यावा लागला होता. त्यात सुदानमधील युद्धामुळे २०२३ पासून लाखो निर्वासित इजिप्तमध्ये आले आणि कैरोतल्या खुल्या बाजारातील भाडी आणखी चढली. पाव, प्रवास आणि आता छप्पर अशा तिन्ही गोष्टी एकाच पिढीवर एकाच वेळी महाग होत आहेत.

घर गेले तर फक्त घर जात नाही

कैरोची रोजची जगण्याची रीत अंतरावर उभी आहे. दारात बसणारा ‘बव्वाब’, म्हणजे इमारतीचा रखवालदार, घरातल्या आजारपणापासून सगळे जाणतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कपडे घेऊन जातो. ‘रोबाबेक्या’ अशी आरोळी देत भंगारवाला गल्लीतून हातगाडी नेतो. हा शब्द जुन्या वस्तूंसाठीच्या इटालियन शब्दांवरून आलेला. कधीकाळी या शहरात इटालियन, ग्रीक, आर्मेनियन, ज्यू असे सगळे राहत होते, त्याची ती खूण. संध्याकाळी ‘अहवा’, म्हणजे कॉफी आणि चहाचे अड्डे भरतात. हुक्का, डोमिनो, फुटबॉलचा सामना आणि एका चहावर दोन तास. नोबेलविजेते कादंबरीकार नगीब महफूज यांनी अशाच गल्ल्यांवर आणि अड्ड्यांवर आपले लेखन उभे केले.

एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसासाठी ही सगळी माणसे म्हणजे विमा असतो. दुकानदार उधार देतो, औषधवाला चिठ्ठीशिवाय नेहमीची गोळी ओळखतो, रमजानमध्ये शेजारून जेवण येते. शुब्रासारख्या भागात मुस्लिम आणि कॉप्टिक ख्रिश्चन कुटुंबे एकाच जिन्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. या माणसाला शहराबाहेर वाळवंटातल्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांचे घर दिले, तर कागदावर त्याचे पुनर्वसन झाले. प्रत्यक्षात त्याच्याकडे भिंती आल्या आणि माणसे गेली.

दुकानांचे तर आणखी कठीण. ‘वुस्त अल-बलद’ हा कैरोचा मध्यभाग. १८६० च्या दशकात खेदिव इस्माईल यांनी पॅरिसच्या धर्तीवर तो उभारला. तलत हर्ब चौकाच्या आसपास आजही जुनी पुस्तकांची दुकाने, शिंपी, चष्मेवाले, चांभार टिकून आहेत. त्यातल्या अनेकांचा धंदा जुन्या भाड्यावरच तग धरून आहे. पाच वर्षांनी बाजारभाव लागला की तिथे कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको. ज्याला ते भाडे परवडेल तोच येणार, म्हणजे मोबाइलचे शोरूम आणि साखळी कॅफे. जुन्या कॅफेचे फोटो मग नव्या कॅफेच्या भिंतीवर लागतील.

सरकार कुठे आहे?

या सगळ्या वादात मालक आणि भाडेकरू एकमेकांसमोर उभे केले गेले आहेत. खरा तिसरा पक्ष मात्र बाजूला राहिला आहे. तो म्हणजे सरकार.

गरिबाला परवडणारे घर देणे हे सरकारचे काम. नासर यांच्या काळात सरकारने ते काम भाडे गोठवून केले. म्हणजे खर्च खासगी मालकाच्या खिशातून झाला आणि श्रेय सरकारला मिळाले. आता तोच खर्च वृद्ध भाडेकरूच्या खिशात टाकला जातोय. दोन्ही वेळा बिल सरकारने दुसऱ्याच्या नावावर फाडले.

पैसा नाही म्हणून असे झाले, हे म्हणणेही पटत नाही. कैरोच्या पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर नवी प्रशासकीय राजधानी उभी राहते आहे. २०१५ मध्ये तिची घोषणा झाली. सुमारे ७०० चौरस किलोमीटरचा विस्तार, जवळपास ३९४ मीटर उंचीचा मनोरा, प्रचंड मशीद आणि कॅथेड्रल. मंत्रालये तिथे हलली आहेत. त्या प्रकल्पाचे समर्थक म्हणतात की दोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या महानगरावरचा ताण त्यामुळे कमी होईल. तसे होईलही. पण ताण कमी करायचा म्हणून मंत्री हलवणे आणि म्हाताऱ्या भाडेकरूला हलवणे यात फरक आहे. मंत्र्याला तिथे न्यायला गाडी येते.

काय करता येईल?

मालकाला रास्त भाडे मिळायलाच हवे. त्यावर आता दुमत नको. पण रास्त भाडे मिळणे आणि घर रिकामे होणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

पहिले, क्रम बदलायला हवा. आधी बंद घरे, मग दुसरे घर असलेले भाडेकरू, मग सुस्थितीतले आणि सर्वांत शेवटी वृद्ध मूळ भाडेकरू. कायद्याने पहिल्या दोघांना वेगळे काढले आहे, पण उरलेल्या सगळ्यांना एकच तारीख दिली आहे.

दुसरे, ज्या मूळ भाडेकरूचे वय झाले आहे आणि उत्पन्न कमी आहे, त्याला हयातीपर्यंत त्याच घरात राहू द्यावे. मालकाला मिळणारे वाढीव भाडे आणि भाडेकरूला झेपणारे भाडे यातला फरक सरकारने भरावा. ही संख्या दर वर्षी आपोआप कमी होत जाईल, त्यामुळे हा खर्च कायमचा नाही.

तिसरे, पर्यायी घर म्हणजे कुठले घर, हे आधी जाहीर व्हावे. जुन्या घरापासून किती किलोमीटर, जवळ मेट्रो आहे का, दवाखाना आहे का. सात वर्षांनंतरच्या आश्वासनापेक्षा आजचा नकाशा जास्त विश्वास देतो.

चौथे, डागडुजी. भाडे वीस पट झाल्यावर मालकाने त्यातला ठरावीक हिस्सा इमारतीवर खर्च करावा, अशी अट असायला हवी. नाहीतर भाडेकरू वाढीव पैसे भरणार आणि लिफ्ट बंदच राहणार.

२०३२ अजून दूर आहे, असे वाटू शकते. पण सत्तरीतल्या माणसासाठी सात वर्षे म्हणजे मोठा काळ नव्हे, आणि नवी गल्ली आपली करून घ्यायला तर तो फारच थोडा. कैरोतले लोक आपल्या शहराला नुसते ‘मस्र’ म्हणतात. देशाचे नावही मस्र आणि राजधानीचेही तेच. ज्या माणसांसाठी शहर आणि देश हा एकच शब्द आहे, त्यांना शहराबाहेरचा पत्ता देताना सरकारने तारखेच्या आधी घराची सोय लिहायला हवी होती. ती अजूनही लिहिता येईल. तोवर बाल्कनीतली टोपली रोज सकाळी खाली येत राहील.